बुचातली सुई

कोपरखैरणे,
रविवार, ३ ऑगस्ट १९९७

ती. गोजरावहिनींना जयमालाचा साष्टांग नमस्कार. वैष्णवीच्या दोन्ही गालांचे गालगुच्चे, कारण पत्र तीच मोठ्यानं वाचून दाखवत असणार.

आम्ही दोघी खुशाल आहोत. आईचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा आई जास्त कुरकुरते. कांदा-बटाटा मार्केटातली दादाच्या हमाल टोळीतली माणसं अधूनमधून येऊन चौकशी करून जातात. परवा त्यांच्यातलाच गोटीराम गावाहून आला, तुमच्या माहेरच्या घरावरूनच आला म्हणाला. त्याच्याकडून तुमचा पत्ता नीट लिहून घेतला.

दहा महिन्यांनी लिहिते आहे. पाकिटावर नाव घालताना हात सवयीनं 'सौ.' लिहून गेला. ते पाकीट फाडलं, दुसरं घेतलं आणि नुसतं 'गोजरा जोतीराम साबळे' असं लिहिलं. पाकिटालाच एवढा वेळ लागला तर आत काय लिहिणार, असं वाटलं होतं. पण तुम्ही मला ओळखता. तोंड उघडायला वेळ लागतो, मिटायला त्याहून जास्त.

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. आमच्या वॉर्डात काहीतरी चाललंय, वहिनी, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. आई म्हणते, "जेवताना दवाखाना नगं." मैत्रिणी सगळ्या वॉर्डातल्याच, त्यांना काय नवं सांगायचं? मग तुमची आठवण झाली. कॅन्सरचा वॉर्ड, छातीतून शिरेत घातलेली ती औषधाची नळी, ट्रॉलीचा तो आवाज, तुम्हाला यातलं काहीच पहिल्यापासून समजावून सांगावं लागणार नाही.

तर ऐका. नळी धुतात ते तुम्ही पाहिलंय. ती तुंबू नये म्हणून रोज सकाळी सिरिंजनं तिच्यात थोडं पाणी सोडतो, म्हणजे सलाईन आणि त्यात रक्त गोठू न देणारं औषध. सध्या आमच्याकडे नळी घातलेले नऊ पेशंट आहेत. जुलैपासून त्यातल्या पाच जणांना ताप. साधासुधा नाही. आधी खाट हलेल इतकी हुडहुडी, अंगावर तीन तीन ब्लँकेटं, आणि मग एकशेचार. औषधांनी या लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, अंगात जंतूशी झुंजायला कुणी उरलेलं नसतं. रक्तात जंतू शिरला की दोन दिवसांत खेळ आटोपतो. मोठे डॉक्टर रोज अँटिबायोटिक बदलतायत आणि येईल त्याच्यावर खेकसतायत.

आमच्याकडे करावे गावच्या पुतळामावशी आहेत. पन्नाशीच्या, मासळी विकणाऱ्या, केस सगळे गेलेत तरी कपाळावर कुंकू रुपयाएवढं. मंगळवारी मी ट्रॉली घेऊन गेले तर त्यांनी नळी मुठीत धरून ठेवली. "बाय, तू नलीन पानी सोरलंस का मंगच मना हीव भरतंय. सकालचा नाय, रातचा नाय. तू यवून गेलीस का मंगच."

मी हसण्यावारी नेलं. मूठ सोडवली, पाणी सोडलं. दहा वाजून वीस मिनिटांनी. दहा पन्नासला त्यांचे दात वाजायला लागले.

त्या दिवसापासून वही घातली आहे. वैष्णवीची गणिताची चौकटीची वही इथं राहिली होती, अर्धी कोरी. एका चौकटीत पेशंटचं नाव, एकीत नळी धुतल्याची वेळ, एकीत हुडहुडीची वेळ. पाच दिवसांत अकरा नोंदी झाल्या, आणि अकराच्या अकरा वेळा हुडहुडी अर्ध्या ते पाऊण तासात. उद्या मी मोठ्या डॉक्टरांसमोर ही वही ठेवणार आहे. बहुतेक ओरडा खाईन. खाल्ला तर खाल्ला.

आणि एक. गोटीराम सांगत होता की तुम्ही कांदा सोडलात. भाजीत नाही, भाकरीबरोबर नाही, घरातच आणत नाही म्हणे. कसलं व्रत आहे का? असू दे, मला काय करायचंय. मी उगाच विचारलं.

वैष्णवीला सांगा, तिची वही आत्यानं चोरली आहे पण चांगल्या कामाला.

आपली,
जयमाला


कोपरखैरणे,
रविवार, २४ ऑगस्ट १९९७

ती. गोजरावहिनींना सा. न.

तुमचं पोस्टकार्ड आलं. "आई म्हणते पत्र मिळाले. आम्ही खुशाल. माझी वही भरली की परत दे." एवढंच, तेही वैष्णवीच्या अक्षरात, पण मी ते देवघरात ठेवलं. आईनं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिथं नव्हतं. तिच्या उशीखाली सापडलं.

आता मुख्य बातमी. सापडलं, वहिनी. सापडलं आणि थांबलंसुद्धा.

सोमवारी वही घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. ओरडले नाहीत. विचारलं, "सिस्टर, नळीत जातं ते पाणी येतं कुठून?" मी म्हटलं, मोठ्या बाटलीतून. ट्रॉलीवर एक बाटली असते, औषध मिसळून ठेवलेली, संपेपर्यंत तीच चालते, तीन-चार दिवस. नऊही पेशंटना त्याच बाटलीतलं. ते म्हणाले, "आजपासून ती बंद. प्रत्येकाला वेगळी छोटी कुपी, फोडायची, वापरायची, फेकायची. आणि ती बाटली जशी आहे तशी लॅबमध्ये."

लॅबमधल्या नंदकुमारला तुम्ही ओळखता. दादाचं रक्त न्यायला यायचा तो, लांब, वाकलेला, सतत शिट्टी वाजवणारा. त्यानं काय केलं माहीत आहे? न वापरलेल्या नव्या बाटलीतलं पाणी एका काचेच्या ताटलीत घातलं, आमच्या ट्रॉलीवरच्या बाटलीतलं दुसऱ्या ताटलीत. पेशंटांचं रक्त नळीतून काढलेलं आणि हातातून काढलेलं, तेही. आणि ठेवून दिलं जंतू उगवायला. बुधवारी दुपारी त्यानं मला बोलावणं पाठवलं. मी हात पुसत पळाले.

नव्या बाटलीची ताटली स्वच्छ. आमच्या बाटलीच्या ताटलीवर बोट ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे हिरवट, ओला, चिकट थर. आणि पेशंटांच्या रक्तातनं उगवलं तेही तसंच, हिरवट. एकच जंतू. ओलाव्यात, साध्या पाण्यात वाढणारा. नंदकुमारनं शिट्टी बंद केली होती. म्हणाला, "ताई, आपण ताप सिरिंजमध्ये भरून देत होतो."

ती बाटली बंद होऊन आज वीस दिवस झाले. वॉर्डात एकाला हुडहुडी नाही. दोघांच्या नळ्या काढाव्या लागल्या, बाकीच्यांचा ताप योग्य अँटिबायोटिकवर उतरला. पाचही जण जिवंत आहेत, वहिनी, पाचही. पुतळामावशी काल उठून बसल्या आणि जवळा मागितला. मिळाला नाही म्हणून मला शिव्या दिल्या, इतक्या खणखणीत की शेजारच्या खाटेवरची आजारी बाई हसली.

तुम्हाला काय सांगू, मला अंगात वारं शिरल्यासारखं झालंय. मेट्रननी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मोठ्या डॉक्टरांनी पाहुणे डॉक्टर आणून माझी वही दाखवली, वैष्णवीची वही. कव्हरवर तिनं काढलेलं मांजर आहे, तेही त्यांनी पाहिलं. भिंतीवर नवा तक्ता लावलाय: हात धुणे, नळीचं टोपण स्पिरिटनं पुसणे, प्रत्येकाची कुपी वेगळी. मुली त्याला 'जयमालाची पद्धत' म्हणतात, वर तसं लिहिलंसुद्धा. ऐकून मी लाजले आणि मग दिवसभर तक्त्यावरून चार वेळा मुद्दाम गेले.

बाटलीत जंतू शिरला कुठून, हे विचाराल. बाटलीच्या रबरी बुचात एक सुई कायम टोचून ठेवलेली असायची. सिरिंज त्या सुईला लावायची, ओढायची, काढायची. दरवेळी नवी सुई टोचायला नको, वेळ वाचतो. सुईचं तोंड दिवसभर उघडं. हात लागतो, धूळ बसते, ओलं राहतं. जंतूला दार उघडून दिल्यासारखंच. कुणीतरी कधीतरी लावलेली सवय, चालत आलेली.

मोठे डॉक्टर म्हणाले, गेल्या वर्षीच्या ताप आलेल्या नळीवाल्या पेशंटांच्या फाइली काढा, तेव्हाही हेच होतं का बघू. मी हो म्हटलं. रेकॉर्ड रूमची किल्ली आठ दिवस माझ्या खिशात आहे. वेळच मिळत नाही.

दादाचं वर्षश्राद्ध २४ सप्टेंबरला येतं. आई बोलवणार नाही तुम्हाला. मीही काही बोलले नाही तिच्याशी. बोलेन.

आपली,
जयमाला


कोपरखैरणे,
रविवार, १४ सप्टेंबर १९९७

गोजरावहिनी,

हे पत्र वैष्णवीला देऊ नका. तुम्हाला सावकाश वाचता येतं, मला माहीत आहे. मोठं मोठं लिहिते आहे, शब्द सुटे सुटे. आधी तुम्ही एकट्या वाचा.

पहिलं हे: दादा तुमच्या कांद्यानं गेला नाही. मी लिहिते आहे, ज्या जयमालानं ते म्हटलं तीच. कांद्यानं नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा आणि मग पुढं चला.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममध्ये गेले. साबळे जोतीराम, वय चौतीस, फाइल सहज सापडली. धूळसुद्धा बसली नव्हती फारशी. त्यातला नळी धुण्याचा तक्ता काढला. सोमवार तीस सप्टेंबर, फ्लश दहा दहा, हुडहुडी दहा पंचेचाळीस. मंगळवार, फ्लश दहा पंधरा, हुडहुडी दहा पन्नास. बुधवार दोन ऑक्टोबर, फ्लश साडेदहा, हुडहुडी अकरा पाच. तिन्ही ओळींपुढे सही आहे. जे. साबळे. अक्षर माझं, सही माझी, वेळासुद्धा मीच घातलेल्या.

आणि तुम्ही दादाला कांदा दिलात तो गुरुवारी. मला पक्कं आठवतं. गुरुवारी संध्याकाळी भेटायच्या वेळेला तुम्ही पदराखालून भाकरी आणि कांदा काढलात. आयुष्यभर कांद्याच्या गोणी पाठीवर वाहिलेला माणूस, डॉक्टरांनी कच्चं काही द्यायचं नाही म्हणून बंदी घातलेली, आणि तो तुमच्याकडे लहान मुलासारखा मागत होता. तुम्ही खाटेच्या लोखंडी दांडीवर बुक्की मारून कांदा फोडलात. वॉर्डभर वास गेला. दादा किती खूष झाला होता, वहिनी. तीन दिवस थंडीनं पिळून निघालेला माणूस त्या संध्याकाळी हसला होता.

म्हणजे ताप आधी तीन दिवस होता आणि कांदा नंतर आला. हे कळायला डॉक्टर लागत नाही, दिवस मोजता येणारी कुणीही पुरते.

फाइलच्या तळाशी लॅबचा कागद होता. दादाच्या रक्तात काय उगवलं त्याचा. तो रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी आला होता, दादा दुपारीच गेला होता. गेलेल्या माणसाचा रिपोर्ट कुणी वाचला नाही, टाचणी लावून फाइलीत ठेवला. तोच जंतू. तोच हिरवट, पाण्यातला. त्या आठवड्यात अजून दोघांना तसाच ताप होता, त्यांच्याही फाइली काढल्या. त्यातला एक वाचला.

आता जे मी दोन पत्रांत लिहिलं नाही ते लिहिते.

बुचात सुई ठेवायची सवय 'कुणीतरी कधीतरी' लावलेली नाही. मी लावली. आधीच्या दवाखान्यात शिकले होते, इथं आल्यावर सुरू केली. काम भराभर उरकायचं. मेट्रननी तेव्हाही कौतुक केलं होतं आणि सगळ्या मुलींना मीच शिकवलं. तेव्हाही त्याला माझंच नाव होतं. तक्त्यावर नाव वाचून मी चार वेळा तिथून गेले असं लिहिलं ना, तेव्हा मला हे माहीत होतं. तरी गेले.

दुसरं. पुतळामावशींनी जे सांगितलं ते मला पहिल्यांदा सांगणाऱ्या त्या नव्हेत. तुम्ही सांगितलं होतंत. गांधी जयंतीचा दिवस, वॉर्डात माणसं कमी, तुम्ही दादाचे पाय चोळत होतात. म्हणालात, "वन्सं, तुमी ते पानी नळीत घाटलं की आर्ध्या घंट्यात त्यास्नी हुडहुडी भरतीया. दोन दिस झालं बघतीया मी." तुमच्या हातात घड्याळ नव्हतं, वही नव्हती, नुसतं बघून बरोबर सांगितलंत. मी काय म्हटलं तेही तुम्हाला आठवत असेल. "वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतं? पाय चोळा." नळी धुवून मी पुढच्या खाटेकडे गेले.

तिसरं सगळ्यांत वाईट. दादा गेल्यावर खाटेखाली कांद्याची सालं सापडली. ती पाहून मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, स्वतःलासुद्धा नाही. तुमचं बोलणं माझ्या डोक्यात कुठंतरी खुपत होतं, आणि सालं दिसली तसं खुपायचं थांबलं. म्हणून तेराव्याला, पंगत उठल्यावर, आईनं जेव्हा सगळ्यांसमोर विचारलं की डॉक्टर तर घरी सोडणार म्हणत होते, मग माझा ल्योक असा अचानक कसा गेला, तेव्हा मी बोलले. "वहिनींनी चोरून कच्चा कांदा दिला, त्यातनं जंतू गेला." नर्स बोलली म्हणजे खरंच असणार. चाळीस माणसं होती. एकानंही तुमची बाजू घेतली नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि दुसऱ्या दिवशी वैष्णवीला घेऊन एसटीत बसलात. फणी आणि ती गणिताची वही विसरलात.

त्या रेकॉर्ड रूममध्ये मी स्टुलावर बसून रडले, आणि वहिनी, खरं सांगते, रडतानाच मला इतकं हलकं वाटायला लागलं की उठून धावावंसं वाटलं. मला शिक्षा होईल की नोकरी जाईल, याचं काही सुचतच नव्हतं. एकच सुचत होतं, गोजरावहिनी मोकळी झाली. पुरावा आहे. माझ्याच अक्षरात आहे. आत्ताच्या आत्ता पळत सातारला जावं आणि हा कागद तुमच्या दारात फडकवावा, असं वाटत होतं. अजूनही वाटतंय, म्हणून अक्षर असं पळतंय.

फाइल तशीच हातात धरून मोठ्या डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं, सुई माझी हेसुद्धा. त्यांनी तक्त्यावरच्या तिन्ही ओळींवरून बोट फिरवलं. म्हणाले, "लिहून द्या." मी उभ्या उभ्या लिहून दिलं. चौकशी होईल, काय ठरेल ते ठरेल. तोवर नळ्यांचं काम माझ्याकडून काढून घेतलंय, मी गोळ्या वाटते. रास्त आहे. त्यांचा अहवाल टाइप झालाय, मी तो वाचायला मागितला आणि एक वाक्य घालायला लावलं. त्यांनी मान हलवली, घातलं. ते असं आहे: "नळी धुणे व हुडहुडी यांतील संबंध सर्वप्रथम रुग्णाच्या पत्नी श्रीमती गोजरा जोतीराम साबळे यांनी दि. २ ऑक्टोबर १९९६ रोजी निदर्शनास आणला होता." टाइपरायटरवर, वहिनी. तुमचं पूर्ण नाव. त्याची प्रत सोबत जोडली आहे. 'जयमालाची पद्धत' हे नाव मी खोडायला सांगितलं. मुलींनी विचारलं, मग काय म्हणायचं? मी म्हटलं, नळी धुण्याची पद्धत म्हणा, तेवढं पुरे.

मग आई. तिला सांगायला मी दोन दिवस काढले. शेवटी ती कांदे निवडत बसली होती तेव्हा समोर जाऊन बसले आणि सांगितलं. दिवस, वेळा, सुई, बाटली, तुमचं बोलणं, सगळं. ती कांद्याची साल सोलत राहिली, सोलत राहिली, कांदा संपेपर्यंत. मग म्हणाली, "जोती गेला त्यो गेला. पर तिला तू जित्तीपणी मारलीस. आन् म्या बी." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. डबा मात्र करून देत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमचं पोस्टकार्ड माझ्यासमोर आपटलं आणि म्हणाली, "तिला घिऊन ये. आन् ज्या तोंडानं चाळीस मान्सांम्होरं बोललीस, त्याच तोंडानं त्याच मान्सांम्होरं मागं घे."

घेणार आहे. वर्षश्राद्धाला त्याच चाळीस जणांना निरोप गेलेत, गोटीराम घरोघरी जाऊन आला. पंगत बसण्याआधी मी उभी राहून बोलणार आहे. फाइलीतल्या त्या तक्त्याची नक्कल मागून घेतली आहे, वाचून दाखवीन. नर्स बोलली म्हणजे खरं, हे या वेळी तरी खरं होईल.

तुम्ही यावं. मी मागते आहे, हक्क नाही. माफ करावं असंही म्हणत नाही, ते तुमच्याकडे राहू दे, वर्षभर, दहा वर्षं, पाहिजे तितकं. नुसतं येऊन बसा, म्हणजे मी बोलेन ते तुमच्या कानांनी ऐकाल. गोटीराम मंगळवारी तेवीसला टेंपो घेऊन गावी येतोय, परत येताना पुढच्या सीटवर दोन जागा राखल्या आहेत. नाही आलात तरी मी बोलणारच आहे.

पुतळामावशी बुधवारी घरी गेल्या. जाताना विचारलं, "तुला कोनी शिकवलां गो यो?" मी म्हटलं, माझ्या वहिनींनी. "मग तिला मावरं दे माजे नावानं," म्हणाल्या, म्हणजे मासळी. वॉर्डात अजून कुणाला हुडहुडी नाही. तुमच्यामुळे, वहिनी. वर्षाच्या उशिरानं, पण तुमच्यामुळेच.

आता हे पत्र वैष्णवीला द्या. वर म्हटलं होतं देऊ नका, ते परत घेते. ओसरीवर बसवा, तुमच्या आईला, भावांना, शेजारणींना बोलवा, आणि तिला मोठ्यानं वाचू दे. जे सगळ्यांदेखत बोललं गेलं ते सगळ्यांदेखतच पुसलं जाऊ दे. आत्यानं काय केलं ते तिलाही कळू दे. वही भरली आहे, पण परत देता येणार नाही, ती अहवालाला जोडली, मांजरासकट. तिच्यासाठी नवी आणली आहे.

श्राद्धाच्या स्वयंपाकात कांदा नसतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, आई, तुम्ही, वैष्णवी आणि मी भाकरी घेऊन बसू. बाजारातला चांगला, लालभडक कांदा मी आणून ठेवीन. मला बुक्कीनं फोडता येत नाही. तुम्ही फोडा, वहिनी, आणि पहिली फाक तुम्ही खा.

'आपली' लिहायचं धाडस होत नाही. तुम्ही पुन्हा 'वन्सं' म्हणालात तर लिहीन.

जयमाला